कोपरातली विभूती

गौराबाईने कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पोरीच्या कोपराला टेकवला, तोच तिच्या खांद्यावरून एक बोट पुढे आले. बोट शेजारच्या कमलबाईचे होते. कोपराच्या टोकाशी कातडीला पडलेल्या भोकातून पांढरा, ओलसर चुरा डोकावत होता, पाण्यात भिजलेल्या खडूसारखा. कमलबाईला तो कपाळाला लावायला हवा होता.

गौराबाईने मान न वळवता ते बोट धरले आणि बाजूला केले.

"देवाचं देणं हाय, गौरा. तुझ्या एकटीचं थोडंच हाय?"

"कमळाक्का, ही जखम हाय. जखमेत बोट घालायलायस तू."

समोर भिंतीला पाठ लावून तिचे सासरे वीरुपाक्षअप्पा बसले होते. मांडीवर चांदीची वाटी होती. कपाळावर, दंडांवर, छातीवर विभूतीचे आडवे पट्टे होते, आणि त्या पट्ट्यांखालची कातडी गुरुवारपासून अन्न सोडल्यामुळे सैल पडली होती. त्यांनी वाटी जराशी पुढे केली.

गौराबाईने कापसाला लागलेला चुरा वाडग्यातल्या पाण्यात बुडवला, वाडगा उचलला आणि सगळ्यांच्या देखत मोरीत उपडा केला. दारात उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडून एकदमच चीत्कार उमटला. शिवकांता मात्र आपल्या कोपराकडे बघत नव्हती, की आईकडेही नव्हती. नऊ वर्षांची ती पोर आजोबांच्या डोळ्यांकडे बघत होती. समईत तेल किती उरले आहे हे बघावे, तशी.

मग गौराबाईने गूळ लावलेल्या भाकरीच्या घासात गोळी दडपली आणि पोरीच्या तोंडाशी धरली. घास गिळताना शिवकांताच्या गळ्याची शीर ताठ झाली. अप्पांनी डोळे मिटून घेतले. आज सोमवार होता, आणि आजही पोरीच्या पोटात गोळी गेली होती. म्हणजे आजही त्यांचा उपास सुटणार नव्हता.

पूर्णेच्या बाजारात वीरुपाक्षअप्पांचे भुसाराचे जुने दुकान होते. दुकान आता लिंगराज, त्यांचा मुलगा, बघत असे. अप्पांचा दिवस ओट्यावर आणि पहाट इष्टलिंगासमोर जाई. अंघोळ करायची, गळ्यातल्या चौकेच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचे, हात छातीसमोर निश्चल धरायचा आणि नजर त्यावर अशी लावायची की बाहेरच्या इंजिनाची शिट्टीसुद्धा कानांना परकी व्हावी. नातीला त्यांनीच शेजारी बसवायला सुरुवात केली होती. पोरीचा हात त्यांच्यापेक्षा स्थिर आहे, असे ते ओट्यावर सांगत.

आणि दोन वर्षांमागे एका पहाटे तो हात खाली झुकू लागला. पहिल्यांदा त्यांनी दटावले. दुसऱ्यांदा आपला हात तिच्या हाताखाली धरला. मग एके दिवशी लिंग तिच्या तळहातावरून घरंगळले आणि फरशीवर पडले. त्या आवाजाने अप्पांचे भान सुटले. त्यांनी पोरीच्या गालावर थप्पड मारली. उभ्या आयुष्यात त्यांनी कुठल्याही लेकरावर उगारलेला तो एकमेव हात होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पोर जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्यांवर हात रोवून, स्वतःच्याच अंगावर चढावे तशी उभी राहू लागली. पापण्या जांभळ्या पडल्या. बोटांच्या पेरांवर लालसर खवले आले. वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जाईनासे झाले. लिंग पडले आणि पोर पडली, असे अप्पांनी समजून घेतले. त्याहून खोलवर त्यांनी आणखी एक गोष्ट समजून घेतली, ती त्यांनी कोणाला सांगितली नाही, पण गौराबाईला ती कळली होती: जिला देवाने आधीच मारले होते, तिला आपणही मारले. तेव्हापासून पहाटेच्या पूजेला अप्पा रडत. आवाज नसे. आसवे हनुवटीवरून तळहातावर, तळहातावरच्या लिंगावर पडत, आणि पलीकडे बाजेवर पडलेली शिवकांता ते उघड्या डोळ्यांनी बघत राही.

म्हणून मार्गशीर्षात पोरीच्या कोपरातून पहिल्यांदा पांढरा चुरा आला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो निरखला, बोटांत चुरडला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ते हसले.

"विभूती हाय गं ही," ते म्हणाले. "अंगातून विभूती यायलीय पोरीच्या."

त्यांना क्षमा मिळाली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचे डोळे कोरडे होते. आठवड्याभरात बायका तो चुरा न्यायला डब्या घेऊन दारात येऊ लागल्या. शिवरात्रीला मठातून स्वामी येणार, पोरीला चौरंगावर बसवून तिची पूजा बांधणार, असे ठरले. एका म्हाताऱ्याच्या छातीवरची धोंड उतरली होती, हे गौराबाईला दिसत होते. ती धोंड पुन्हा त्याच्या छातीवर ठेवणे तिच्याच वाट्याला आले होते, हेही दिसत होते.

कारण मधल्या काळात ती हैदराबादला जाऊन आली होती.

हैदराबादच्या त्या मोठ्या दवाखान्यात पोरीला पहिल्यांदा नेले तेव्हाच गोळ्या सुरू झाल्या होत्या. गोळ्यांनी पोरीचा चेहरा फुगून चंद्रासारखा गोल झाला, पण ती उठू लागली, जिना चढू लागली. मग गेल्या वर्षीचे आषाढ-श्रावण आले. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. गाड्या थांबल्या, बाजार बंद झाला, रात्री क्षितिजावर कुठल्या ना कुठल्या गावाच्या टोकाला उजेड दिसे आणि तो कशाचा आहे हे कोणी मोठ्याने विचारत नसे. घरातल्या गोळ्या संपल्या. पुढे गाड्या सुरू झाल्या तेव्हा अप्पा म्हणाले, पोरीचा चेहरा बघा कसा उतरून पहिल्यासारखा झालाय, सुजवणारं औषध कशाला पुन्हा? लिंगराजने मान हलवली. गौराबाई भांडली, आणि त्या वेळी हरली.

पांढरा चुरा आल्यावर मात्र तिने कोणाला विचारले नाही. मी निघाले, यायचं तर या, असे नवऱ्याला सांगून ती पोरीला घेऊन स्टेशनवर जाऊन बसली. लिंगराज गाडी हलता हलता डब्यात चढला.

तिथली डॉक्टरीणबाई लहान चणीची, पिकल्या केसांची होती आणि दखनी बोलायची. कोपर बघून ती रागावली नाही. तिने कपाट उघडून पुठ्ठ्याच्या कार्डांचा एक गठ्ठा काढला. प्रत्येक कार्ड म्हणजे एक लेकरू, असे तिने सांगितले. मद्रासपासून मुंबईपर्यंतच्या डॉक्टरांना पत्रे घालून तिने ही कार्डे जमवली होती: पापण्या जांभळ्या आणि मांड्या दुबळ्या असे लेकरू कधी पाहिले का, पाहिले तर केव्हा, औषध कधी दिले, पुढे काय झाले?

"एक डाक्टर कू उमर में एकच ऐसा बच्चा दिखता, अम्मा," ती म्हणाली. "वो बोलता, अजीब बीमारी है, और भूल जाता. सब बच्चे एक मेज पे रक्खे, तो अजीब नइं रैता. फिर बीमारी का चेहरा दिखता."

तिने कार्डे टेबलावर दोन ओळींत मांडली. एका ओळीतल्या लेकरांना औषध लवकर मिळाले होते आणि ते तुटले नव्हते. दुसऱ्या ओळीतल्यांना उशिरा मिळाले होते, किंवा मध्येच तुटले होते. ज्या ज्या लेकराच्या कातडीखाली चुन्यासारखे खडे धरले होते, त्याच्या कार्डावर तिने शाईचा ठिपका दिला होता. गौराबाई भुसाराच्या घरातली होती. एका दाण्यावरून पोत्याचा भाव करत नाहीत, मूठभर वानगी काढून हातावर पसरावी लागते, हे तिला कोणी शिकवायला नको होते. ती टेबलावर वाकली. पहिल्या ओळीत ठिपके तुरळक होते. दुसरी ओळ मात्र किडलेल्या डाळीसारखी ठिपक्यांनी भरली होती.

डॉक्टरीणबाईने स्वतःहूनच सांगितले की अजून लेकरे थोडी आहेत, त्यामुळे ती छातीठोकपणे काही म्हणणार नाही. पण गोळ्या आता तुटू देऊ नका. आणि ते पांढरे कोणाला खरवडू देऊ नका, नाहीतर जखम कुजेल. मग तिने विचारले, या पोरीचे कार्ड करू का?

लिंगराज दारातूनच नको म्हणाला. पोरीचा आजार कागदावर चढला तर उद्या सोयरीक कोण करील?

"आधी ती आपल्या पायांनी उठून उभी राहू दे," गौराबाई म्हणाली, "मग सोयरिकीचं बघू." आणि तिने पुढे होऊन सही केली, चौथीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर वेगळे उभे असलेली.

कार्डावर नावाच्या जागी आकडा पडला, तेव्हा मात्र तिला राहवले नाही. एका नावापायी आमच्याकडं घरं जळाली, आणि तुम्ही तर नावच काढून टाकता, असे ती म्हणाली. डॉक्टरीणबाईने कार्डावरची शाई टिपून घेतली.

"नाम पे पत्थर पड़ते, अम्मा. आंकड़े कू कौन मारता?"

निघताना गौराबाईने विचारले, यातले कोणी आमच्याकडचे आहे का? दुसऱ्या ओळीतल्या एका कार्डावर डॉक्टरीणबाईचे बोट टेकले आणि तिथेच थांबले. आहे. तुमच्याच जिल्ह्यातली मुलगी आहे. गाव सांगणार नाही, नाव सांगणार नाही, तिच्या आईला तसा शब्द दिला आहे.

"नका सांगू," गौराबाई म्हणाली. "तिच्या आईला माझं सांगा. पूर्णेत भुसाराच्या दुकानाशेजारी गौराबाई राहती म्हणावं. तिचीबी पोर अशीच हाय. यायचं तर यावं."

घरी परतल्यावर गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, आणि त्याबरोबर भांडणही. बरेच दिवस ते धुमसत राहिले. गेल्या गुरुवारी ते उघड झाले. गौराबाईने सासऱ्यांसमोर उभे राहून सांगितले की ही विभूती नाही, गोळ्या तुटल्या त्याचे हे फळ आहे.

"कोणी सांगितलं?"

"बाकीच्या पोरांनी, मामंजी."

"कुठली पोरं? बघितलीस तू?"

"त्यांची कार्डं बघितली."

"तुला कागद दिसला, गौरा. मला देव दिसला." अप्पांचा आवाज चढला नव्हता. "त्या कागदावरची एक तरी पोर आणून दाखव माझ्यासमोर. आन जवर ह्या अंगात औषध जातंय, तवर माझ्या पोटात अन्न जाणार न्हाई."

आणि ते शब्दाला जागले. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या घरात दोन माणसे समोरासमोर बसत. एक जण घास भरवी, दुसरा घास नाकारी. गौराबाईने गोळी एकदाही लपवून दिली नाही. लपवली असती तर म्हातारा जेवला असता, हे तिला कळत होते. पण लपवून दिलेले औषध एक दिवस लपूनच तुटते, हेही कळत होते. बाजारातले लोक लिंगराजला दुकानात येऊन सुनावून जात. शनिवारी तो तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. बापाचा जीव गेला तर कुठे तोंड दाखवू, असे म्हणाला.

"पोरीचा गेला तर कुठं दाखवाल?" तिने विचारले, आणि चुलीवरचा तवा उतरवला.

आज सोमवारी, शिवरात्र तोंडावर आलेली असताना, ओट्यावर बायकांची रांग लागली होती. कमलबाईने तर मोरीत गेलेले ते पाणी पाहून कानांवर हात ठेवले आणि आत चौरंग मांडला. शिवकांताला धुतलेले परकर-पोलके घालून त्यावर बसवले. कपाळावर पट्टे ओढले, मांडीवर बेल ठेवला. फुगलेल्या गालांची, जांभळ्या पापण्यांची ती पोर खरोखरच कुठल्या तरी देवळातल्या मूर्तीसारखी दिसू लागली. गौराबाई खांबाशी उभी होती. आज जर या बायका एकामागून एक त्या कोपराला बोट लावून गेल्या, तर संध्याकाळी कुठल्या हातांनी ती जखम धुवायची, याचा ती विचार करत होती. म्हातारा मेला तर तिच्यामुळे, पोर कुजली तर देवाच्या नावावर. तिने पदर खोचला. दारात जाऊन ती उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

"कोणी आत येणार न्हाई," ती म्हणाली.

"सरक गौरा, वेड लागलंय का तुला?" कमलबाई आतून बोलली. "देवाचं दार अडवायलीस."

"माझ्या घराचं दार हाय हे."

परभणीकडची पॅसेंजर येऊन गेली होती. रांगेच्या शेपटाकडे काहीतरी हलले. बायका दोन्ही बाजूंना सरकू लागल्या, पदर आवरत. वाट द्यायला सरकावे तशा नव्हे, अंग चोरावे तशा. त्या मोकळ्या झालेल्या वाटेतून एक काळी, उंच बाई चालत येत होती. तिच्या कडेवर एक मुलगी होती, कडेवर घ्यायचे वय केव्हाच मागे टाकलेली. पाय पार आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. मुलीने उन्हासाठी डोक्यावरून ओढणी घेतली होती. तिने मान वर केली आणि गौराबाईला त्या पापण्या दिसल्या.

जगात आजवर तिने तो रंग एकाच चेहऱ्यावर पाहिला होता.

"भुसारवाल्या गौराबाई तुमीच का?" बाई ओट्याखाली थांबून म्हणाली.

"व्हय."

"जयभीम. मी धुरपता. पेडगावहून आले. हैदराबादच्या डाक्टरीणबाईनं निरोप धाडला हुता." तिने कडेवरची पोर सावरली. "ही माझी कडू. हिच्या आधीची वाचली न्हाईत, म्हणून कडू ठिवलं नाव. तरीबी बघा."

त्या वर्षी पूर्णेच्या बाजारात 'जयभीम' हा शब्द जिथे उच्चारला जाई, तिथे माणसे आधी आजूबाजूला बघत आणि मग उत्तर देत किंवा देत नसत. धुरपताबाई उत्तराची वाट बघत नव्हती. तिची हनुवटी किंचित वर होती, आणि परत फिरावे लागलेच तर पाठ कशी ताठ ठेवायची, हे तिने गाडीतच ठरवून ठेवले असावे.

गौराबाई उंबरा ओलांडून ओट्याच्या पायऱ्या उतरली. तिने दोन्ही हात पुढे केले आणि कडूला धुरपताच्या कडेवरून आपल्या कडेवर घेतले. पोर अपेक्षेपेक्षा हलकी होती.

"जयभीम, माय," ती म्हणाली. "चला आत."

"गौरा," कमलबाईचा आवाज खाली आला, "आत चौरंग मांडलाय."

"म्हणूनच."

तिने कडूला नेऊन शिवकांताच्या शेजारी, त्याच चौरंगावर बसवले. दोघींना तो अपुरा पडत होता. मांडीला मांडी लागली. दोन्ही पोरी एकमेकींच्या पापण्यांकडे, मग बोटांच्या पेरांकडे बघत राहिल्या. आरशात पहिल्यांदा बघणारी लेकरे अशी बघतात. गौराबाईने कडूची बाही अलगद वर सारली. कोपराच्या टोकाशी तसेच भोक होते आणि त्यात तसाच पांढरा, ओलसर चुरा.

"मामंजी," ती म्हणाली, "एक तरी आण म्हणला होता."

अप्पा बघत होते. एका कोपराकडून दुसऱ्या कोपराकडे.

धुरपताबाई भिंतीशी उभी राहिली होती, बसली नव्हती. तिने चौरंग, बेल, दारातल्या डब्या, सगळे एकदा निरखून घेतले. कडूच्या गोळ्यांचे काय झाले, असे गौराबाईने हळूच विचारले, तर ती म्हणाली की श्रावणात रात्री पोरीला उचलून रानात पळालो, गोळ्यांची डबी घरात राहिली. परत आलो तर डबीबी न्हवती आन घरबी न्हवतं.

"आमच्याकडं हिला महारोग म्हणत्यात," ती पुढे म्हणाली. "साळंत बसू देईनात, आडावर जाऊ देईनात. आन तुमच्याकडं पूजा मांडली व्हय?" ती हसली. त्या हसण्यात विषाद नव्हता, दात होते. "बरं हाय की. देवाला निदान उपाशी तरी ठिवत न्हाईत."

"म्हाताऱ्याला ठेवलंय," गौराबाई म्हणाली.

वीरुपाक्षअप्पा भिंतीचा आधार घेत उठले. आयुष्यभर त्यांनी ओट्यावर बसून लोकांना सांगितले होते की लिंग अंगावर आले की कूळ गळून पडते, शिवशरणाला जात नसते. ते सांगणे सोपे होते. ऐकणारे सगळे आपलेच होते. आता दारात सगळा बाजार उभा होता आणि त्यांच्याकडे बघत होता. त्यांना म्हणता आले असते की हिचा चुरा वेगळा, आमच्या पोरीची विभूती वेगळी. कमलबाई तेच ऐकायला कान टवकारून होती. पण म्हातारा खोटा नव्हता. इकडे विभूती असेल, तर तिकडेही विभूतीच होती. उपासाने हलक्या झालेल्या पावलांनी ते चौरंगापाशी आले, कडूच्या समोर गुडघे टेकून बसले, डाव्या हातात वाटी धरली आणि उजव्या हाताचे बोट तिच्या कोपराकडे नेले.

दारातल्या बायकांच्या माना पुढे आल्या.

"हात लावू नका," कडू म्हणाली. "दुखतंय."

बोट थांबले.

या घरात विभूती, कृपा, चमत्कार, गोळी, उपास असे पुष्कळ शब्द इतके दिवस बोलले गेले होते. 'दुखतंय' हा शब्द कोणी बोलला नव्हता. अप्पांनी मान वळवून नातीकडे बघितले. बघताना त्यांना पाण्याखालून वर यावे लागत असावे, इतका वेळ लागला.

"तुलाबी दुखतं?"

शिवकांताने आईकडे बघितले, मग कडूकडे.

"लय."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का न्हाईस, माय?"

पोर मांडीवरच्या बेलाचे पान उलटेसुलटे करत राहिली.

"तुमचं रडू थांबलं होतं, आज्जा."

मग अप्पांनी हातातली वाटी जमिनीवर ठेवली. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, स्वतःच्याच अंगावर चढावे तसे ते उभे राहिले. आणि तसे उभे राहताना ते क्षणभर मध्येच थांबले, जणू हे उठणे त्यांनी आधी कुठे पाहिले होते ते आठवावे. नंतर ते दारापर्यंत चालत गेले आणि उंबऱ्यावर बसले, पाठ घराकडे, तोंड रांगेकडे करून. मघाशी सून जिथे उभी होती, तिथेच.

"घरी जा, कमळे," ते म्हणाले. "सगळ्या जा. दोन पोरी आजारी हायत आत."

कमलबाई बाहेर पडताना काहीतरी बोलली. मठाचे नाव घेतले, स्वामींचे घेतले, आणि कोण कोणाला चौरंगावर बसवते तेही बोलून घेतले. अप्पा तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी पाय आत ओढून घेतले नाहीत. तिला त्यांना वळसा घालून जावे लागले.

आत कडू शिवकांताला विचारत होती, तुला येणी घालता येती का? शिवकांताने मान हलवली. मलाबी न्हाई, कडू म्हणाली, आणि हात वर नेण्याचा प्रयत्न करून दाखवला. हात कानापाशी येऊन खाली पडला. शिवकांतानेही करून दाखवले. तिचाही तिथेच पडला. दोघी हसू लागल्या, घरात पाहुणे असताना लेकरे दाबून हसतात तशा.

गौराबाईने भाकर कुस्करली. डबीतून गोळी काढली. धुरपताबाईनेही कमरेची चंची सोडून हैदराबादहून पुन्हा आणलेली गोळी पुढे केली. पाणी मागावे की नाही अशा संकोचाने ती पिण्याच्या हंड्याकडे बघत होती.

"गौरा," उंबऱ्यावरून आवाज आला. अप्पांनी मागे वळून बघितले नव्हते. "आधी त्या दोघींना दे. मग मला भाकर आण."

गौराबाईने फरशीवरची चांदीची वाटी उचलली, मोरीत नेऊन घासली, हंड्यातल्या पाण्याने भरली आणि धुरपताबाईच्या हातात दिली. धुरपताबाईने ती क्षणभर तशीच धरून ठेवली. मग तिने वाटी आपल्या पोरीच्या ओठांना लावली. कडू निम्मे पाणी प्याली, आणि उरलेले तिने स्वतःच, दोन्ही हातांनी, शिवकांतापुढे धरले.

हात थरथरत होते, पण वाटी पडली नाही.